निम्मं गवत जमिनीचं

गवताचा ठोंब उपटला की हातात वीतभर जारवा येतो आणि मूळ तेवढंच असावं असं वाटतं. नेब्रास्का विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन अर्नेस्ट वीव्हर यांचं तेवढ्यावर समाधान होईना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या मध्यभागातल्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ मैदानांवर, पुरुषभर आणि त्याहूनही खोल चर खणले. चरात उतरायचं, समोरच्या उभ्या भिंतीतली माती टोकदार हत्यारानं हलकेच मोकळी करायची, एकेक मुळी तुटू न देता तिच्या टोकापर्यंत जायचं आणि ती मापानं कागदावर उतरवायची, असं ते काम होतं.

त्या चित्रांमध्ये एक अख्खं रान उलटं उभं राहिलं. बिग ब्लूस्टेम या उंच गवताची मुळं सहा-सात फूट खाली गेली होती. स्विचग्रासची दहा फुटांपर्यंत पोचली होती. लेडप्लांट नावाचं झुडूप वर जेमतेम मांडीपर्यंत वाढतं. त्याचं मूळ सोळा फूट खोल सापडलं. वाऱ्यावर डोलणारं जे गवत आपल्याला दिसतं, ते त्या वनस्पतीचं छोटं अंग आहे. मोठं अंग अंधारात आहे.

ही मुळं नुसती ठोंबाला धरून ठेवत नाहीत. दर वर्षी त्यांतली बरीचशी मरतात, जागच्या जागी कुजतात आणि त्यांच्या शेजारी नवी पांढरी मुळी फुटते. हजारो वर्षं हे चालू राहिलं म्हणून प्रेअरीची माती काळी आणि रवाळ झाली. मेलेल्या मुळांनी मागे ठेवलेल्या नळ्यांतून पाऊस खोल मुरतो, तर जिवंत मुळं मातीच्या कणांना बांधून त्यांचा रवा करतात. वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळची प्रेअरी, चराईचं कुरण आणि मशागतीचं शेत या तिन्हींवरून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजली, तेव्हा सर्वांत कमी नुकसान न मोडलेल्या प्रेअरीचं झालेलं होतं.

ही घडी किती वेगानं विस्कटते, ते १९३०च्या दशकात जगानं पाहिलं. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, पाठोपाठ ट्रॅक्टर आले. पश्चिम कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो, ईशान्य न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा आणि टेक्सासचे पॅनहँडल (नकाशावर दांड्यासारखे बाहेर आलेले भाग) या कमी पावसाच्या पट्ट्यात लाखो एकर गवत नांगराखाली गेलं. मग पाऊस हटला. मे १९३४ मध्ये उठलेल्या वादळानं इथली माती न्यूयॉर्कपर्यंत आणि पुढे अटलांटिकमधल्या जहाजांपर्यंत नेली. १४ एप्रिल १९३५ या ‘काळ्या रविवारी’ दिवसाढवळ्या अंधार झाला. त्यानंतर तेरा दिवसांत, २७ एप्रिलला, अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला आणि ह्यू हॅमंड बेनेट हे नव्या मृदसंधारण सेवेचे प्रमुख झाले. जमिनीची धूप हे राष्ट्रावरचं संकट आहे, असं बेनेट यांनी १९२८ मध्येच सरकारी पुस्तिकेत लिहून ठेवलं होतं.

पण त्याच दुष्काळात, त्याच वाऱ्यात, न नांगरलेली आणि जास्त न चारलेली कुरणं जागेवर टिकून होती. त्यांच्यावरचं गवतही करपलं, विरळ झालं. कॅन्ससमधल्या हेज इथे एफ. डब्ल्यू. अल्बर्टसन आणि त्यांचे सहकारी १९३२ पासून दर वर्षी एकेक चौरस मीटरच्या ठरावीक चौकटींतला प्रत्येक ठोंब नकाशावर उतरवत होते. हे काम पुढे चाळीस वर्षं चाललं. कोणतं गवत कधी मेलं, कोण परतलं, कोणी कोणाची जागा घेतली, हे त्या नकाशांत वर्षावर्षानं दिसतं. नेब्रास्कात लिटल ब्लूस्टेम हे गवत मोठ्या प्रमाणावर मेलं आणि त्याच्या जागी वेस्टर्न व्हीटग्रास पसरलं. पाऊस परतला तशी उंच गवतंही हळूहळू परतली. जमिनीखाली जीव धरून राहिलेल्या खोडांना पुन्हा कोंब आले.

वारा माती उचलतो म्हणजे नेमकं काय करतो, हा प्रश्न विल्यम चेपिल यांनी हाती घेतला. आधी कॅनडात सस्कॅचेवानमधल्या स्विफ्ट करंट इथे आणि १९४७ नंतर कॅन्ससमधल्या मॅनहॅटन गावी त्यांनी कृत्रिम वाऱ्याचे बोगदे वापरून मातीच्या कणांचा प्रवास मोजला. निष्कर्ष थक्क करणारे होते. वाऱ्यानं प्रथम हलते ती सर्वांत बारीक धूळ नव्हे. ती जमिनीलगतच्या संथ हवेत दडून बसते. आधी उठतात ते सुमारे एक दशांश मिलिमीटरचे, बारीक वाळूएवढे कण. असा कण उसळतो, वाऱ्याबरोबर थोडा पुढे जातो आणि तिरका येऊन जमिनीवर आदळतो. त्या आदळण्यानं आणखी कण उसळतात आणि तेव्हा कुठे दडलेली धूळ वर उडते. आकाश काळं करणारे लोट ही त्या टोलेबाजीची शेवटची पायरी आहे. उसळणाऱ्या मातीपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माती जमिनीपासून फूटभर उंचीच्या आतच धावते, हेही चेपिल यांनी दाखवलं.

शेकडो मैल पसरणाऱ्या वादळाचा कारखाना आपल्या गुडघ्याखाली चालतो! मग तो बंद पाडायला गुडघाभर उंचीची आडकाठीही पुरते. कापणीनंतर उभी राहिलेली गव्हाची धसकटं हे काम करतात, शिवाय त्यांच्यासाठी दाणाही खर्ची घालावा लागत नाही. पण धसकटं ठेवायची तर तण कसं मारायचं? कॅनडातल्या अल्बर्टातले शेतकरी चार्ल्स नोबल यांनी १९३०च्या दशकात यावर एक अवजार काढलं. आपल्या कुळवाची पास जशी जमिनीच्या पोटातून आडवी सरकते, तसं त्यांचं रुंद पातं मातीखालून जाई, तणाची मुळं कापी आणि वरची धसकटं जवळपास जशीच्या तशी उभी ठेवी. नेब्रास्कात डुली आणि रसेल या शास्त्रज्ञांनी याच सुमारास पिकाचे अवशेष शेतावर ठेवून शेती करण्याचे प्रयोग सुरू केले. जमीन स्वच्छ, काळीभोर दिसली पाहिजे ही चांगल्या शेतकऱ्याची जुनी खूण होती. तिच्याविरुद्ध जाणं सोपं नव्हतं.

चेपिल यांच्या मोजमापांतून आणखी एक गोष्ट उलगडली. उघड्या शेताच्या वाऱ्याकडच्या कडेला माती कमी हलते आणि जसजसं आत जावं तसतशी टोलेबाजी वाढत जाते. म्हणून वाऱ्याला आडवे पट्टे पाडायचे. एका पट्ट्यात पीक, पुढच्यात पड, मग पुन्हा पीक. दक्षिण अल्बर्टातले शेतकरी अनुभवातून आधीच या पट्टापेरीवर आले होते. तिचं गणित नंतर स्पष्ट झालं. १९३४ ते १९४२ या काळात नॉर्थ डकोटापासून टेक्सासपर्यंत लावलेल्या वीस कोटींहून अधिक झाडांच्या रांगांमागेही वाऱ्याचा वेग तोडण्याचाच हिशेब होता.

हे झालं शेताचं. पण प्रेअरीचा मोठा भाग रँचचा, म्हणजे हजारो एकरांवर गुरं चारणाऱ्या कुरणांचा. तिथे नांगर नाही, पण जनावराचे दात आहेत. गवताचं नवल असं की त्याची वाढ टोकाकडून होत नाही, बुडाकडून होते. शेंडा खाल्ला तरी पान खालून पुढे सरकतं. म्हणून गवत चरण्यासाठीच जन्मलंय असं वाटतं. पण किती चरण्यासाठी?

याचं उत्तर फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या पुस्तिकेत छापलं. त्यांनी निरनिराळ्या गवतांचा पाला वेगवेगळ्या प्रमाणात कापला आणि खाली मुळांचं काय होतं ते पाहिलं. चाळीस टक्के पाला काढला तर मुळांची वाढ थांबली नाही. पन्नास टक्के काढला तर दोन-चार टक्के मुळं थबकली. साठ टक्क्यांना निम्मी मुळं थांबली, सत्तरला ७८ टक्के. ऐंशी टक्के पाला गेला तेव्हा झाडून सगळ्या मुळांची वाढ बारा दिवस बंद राहिली. नव्वद टक्क्यांना सतरा दिवस.

हा उतार नाही, कडा आहे. पन्नास आणि साठ टक्के यांत वरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. जमिनीखाली मात्र एका बाजूला काम चालू आहे आणि दुसऱ्या बाजूला निम्मं ठप्प. पान हे गवताचं स्वयंपाकघर. ते गेलं की उरलेली शिदोरी आधी नव्या पानावर खर्च होते आणि मुळी उपाशी राहते. हे वारंवार झालं की मुळं आखूड होतात, आणि पुढच्या उघडिपीत खोलवरचं पाणी त्यांच्या आवाक्याबाहेर जातं. दुष्काळानं मेलेलं गवत पुष्कळदा आदल्या चांगल्या वर्षीच अर्धमेलं झालेलं असतं. ‘निम्मं घ्या, निम्मं ठेवा’ हा रँचवरचा नियम क्रायडर यांच्या आकड्यांवर घट्ट उभा राहिला.

मग रँचवाल्यांना आपली कुरणं वाचायला शिकवण्याचा प्रश्न आला. मृदसंधारण सेवेतले ई. जे. डिक्सटरहाउस यांनी १९४९ मध्ये त्याची पद्धत मांडली. गवतांचे तीन गट करायचे. जनावरांना आवडणारी, चराई वाढली की कमी होत जाणारी गवतं पहिल्या गटात. त्यांच्या रिकाम्या जागी काही काळ वाढणारी, बहुधा बुटकी गवतं दुसऱ्यात. आणि कुरण पारच खंगलं की बाहेरून शिरणारी तणं तिसऱ्यात. कुरणात मूळच्या समाजाचा किती हिस्सा शिल्लक आहे त्यावरून त्याची प्रत ठरवायची : उत्तम, चांगली, मध्यम की वाईट. हिरवंगार दिसणारं कुरण ‘वाईट’ असू शकतं, ही दृष्टी यातून आली. किती हिरवं आहे यापेक्षा कोण हिरवं आहे, हे महत्त्वाचं ठरलं.

उपाय साधे होते, पण त्यांना विचार लागायचा. गुरं पाण्याजवळ घुटमळतात आणि तिथलंच गवत संपवतात. म्हणून मिठाचे ठोकळे पाण्यापासून दूर ठेवायचे. मिठासाठी जनावर चालत जातं आणि लांबचं गवतही चरतं. मोठ्या कुरणात आडवी कुंपणं घालायची, नवी तळी खणायची. टेक्सासमधल्या सोनोरा इथे लिओ मेरिल यांनी १९४९ मध्ये चार कुरणं आणि तीन कळप अशी योजना सुरू केली. कोणतं ना कोणतं एक कुरण नेहमी विश्रांतीत. बारा महिने चराई, मग चार महिने मोकळीक. चक्र सोळा महिन्यांचं असल्यानं प्रत्येक कुरणाची विश्रांती दर खेपेला वेगळ्या ऋतूत येते. गवताच्या प्रत्येक जातीला बी धरायची संधी कधी ना कधी मिळते.

परीक्षा लवकरच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर गहू पुन्हा महागला, पुन्हा काही गवत मोडलं गेलं आणि १९५०च्या दशकात पुन्हा पाऊस रुसला. टेक्सासमध्ये १९५० ते १९५७ हा नोंदीतला सर्वांत भीषण दुष्काळ ठरला. धुळीची वादळं परत आली. पण १९३०च्या दशकासारखा सगळा प्रदेश उघडा पडला नाही. गावोगावी शेतकऱ्यांनी स्थापलेले मृदसंधारण जिल्हे होते, धसकटांची शेती होती, पुन्हा गवताखाली आणलेली जमीन होती. १९५६ मध्ये या प्रदेशातल्या दहा राज्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्यानं आपल्या शेताचा पुढच्या तीन ते दहा वर्षांचा आराखडा करायचा आणि त्यातल्या खर्चाचा वाटा सरकारनं उचलायचा. १९३०च्या दशकातल्या दुष्काळात सरकारनं विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणलेल्या जमिनींपैकी जवळपास ३८ लाख एकरांना १९६० मध्ये ‘राष्ट्रीय गवताळ प्रदेश’ असा दर्जा मिळाला. कॅनडानं तर १९३५ मध्येच प्रेअरीच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली होती आणि तिनं पुढे उजाड शेतांची सामुदायिक कुरणं केली.

या गोष्टीत आपलंही एक पात्र आहे. दक्षिण टेक्सासच्या रँचवर ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ नावाचं एक गवत बाहेरून आणून पेरलं गेलं. ते म्हणजे आपल्या माळावरचं मारवेल. तिथे ते इतकं माजलं की आज स्थानिक गवतांना हटवणारा परका म्हणून ओळखलं जातं. इथे मात्र ते घरचं आहे, गुरांचं आवडतं आहे. मारवेल, पवना, कुसळी, ज्वारी, ऊस आणि प्रेअरीचं बिग ब्लूस्टेम ही सारी एकाच कुळातली भावंडं आहेत. वीव्हर यांनी ज्या गवतांच्या मुळांची चित्रं काढली, त्यांचे नातलग आपल्या गायरानांत आणि माळरानांत जमीन धरून आहेत.

आपल्याकडे अशा माळांना सरसकट ‘पडीक’ म्हणायची सवय आहे. ती सोडायला हवी. जिथे मारवेल-पवना उभं आहे ती जमीन रिकामी नाही. तिथे जमिनीखाली काम चालू आहे. ते चालू राहावं म्हणून फार मोठी योजना लागत नाही. गायरान आळीपाळीनं बंद ठेवा, गवताला बी धरू द्या, आणि निम्मा पाला उभा असतानाच जनावरं बाहेर काढा.