टाक्यांची मजुरी, मिनिटांचा हिशेब

पालघर जिल्ह्यातील सालवड गाव तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून वसले आहे. या वसाहतीचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात ते रासायनिक कारखाने, पोलादाचे प्रकल्प आणि पलीकडचे अणुविद्युत केंद्र. वस्त्रोद्योग मात्र चटकन आठवत नाही. वास्तविक सूत रंगवणे, कापड विणणे, त्यावर प्रक्रिया करणे आणि अखेर ते शिवणे, अशी वस्त्राची जवळजवळ सारी साखळी बोईसर-तारापूर पट्ट्यात नांदत आली आहे. सियाराम सिल्क मिल्स किंवा पडदे व सोफ्याच्या कापडासाठी परिचित असलेली डी'डेकॉर ही याच वसाहतीतील नावे. या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे शिलाई मशीनवर बसलेला कारागीर. कारखान्यात त्याला 'ऑपरेटर' म्हणतात, बोलण्यात मात्र तो 'टेलर'च असतो.

हा टेलर आणि गावातील शिंपी यांच्यात नावापलीकडे फारसे साम्य उरलेले नाही. शिंपी माप घेतो, कापतो, शिवतो, काज-बटण करतो; संपूर्ण शर्ट त्याच्या हातून जन्माला येतो. कारखान्यातील टेलर संपूर्ण शर्ट कधी शिवतच नाही. तेथे शर्टाची तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक कामांत विभागणी होते. एक जण केवळ कॉलर पालथी शिवतो, दुसरा ती उलटवून वरची टीप मारतो, तिसरा तिला पट्टी जोडतो, चौथा ती गळ्यावर बसवतो. खांद्याचा जोड, खिसा, बाही, कफ, बाजूची शिवण, खालची दुमड या प्रत्येकाची जागा वेगळी, मशीन वेगळे आणि दरही वेगळा. कापलेले भाग बंडल बांधून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनकडे सरकतात. या मांडणीला 'लाइन' म्हणतात.

मशीनही घरच्या पायमशीनपेक्षा निराळे. सर्वाधिक आढळते ते एक सुईचे 'लॉकस्टिच'. सुईचा वरचा धागा आणि बॉबिनमधील खालचा धागा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकवून ते टाका घालते. या रचनेचे अमेरिकी पेटंट इलायस हॉव यांना १८४६ मध्ये मिळाले आणि तत्त्व आजही तेच आहे. कापडाची कडा सुटू नये म्हणून ओव्हरलॉक, टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी फ्लॅटलॉक, शर्टाच्या बाजूची नळीसारखी शिवण एका दमात घालणारे 'फीड ऑफ द आर्म', खिशाच्या कोपऱ्यावर पक्के टाके देणारे बारटॅक अशी इतर मशीने. ज्याला यांपैकी तीन-चार मशीने येतात, त्याला लाइनमध्ये मान असतो. कारण कोणी गैरहजर राहिले की ती जागा तोच भरून काढतो.

कारखान्यातील लॉकस्टिच मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते. इंचाला बारा टाके धरले, तर चार हजारांच्या वेगाने मिनिटाला ३३३ इंच, म्हणजे साडेआठ मीटरच्या आसपास शिवण होते. शर्टाच्या गळ्याभोवतीची शिवण फार तर अठरा इंचांची. या हिशेबाने कॉलर बसवण्याचे काम साडेतीन सेकंदांच्या आत उरकायला हवे. प्रत्यक्षात त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. मग उरलेला वेळ जातो कोठे?

तो जातो हातांत. बंडलातून गळा उचलायचा, कॉलरची पट्टी उचलायची, दोहोंवरील खुणा जुळवायच्या, दोन कडा एकमेकींवर बसवून फूटखाली सरकवायच्या. गळ्याचा आकार आणि पट्टीचा आकार यांची वळणे एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून दोन-तीन इंच शिवून थांबायचे, कापड वळवायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा शिवायचे. गुडघ्याने फूट उचलायचा, पायाने वेग कमी-जास्त करायचा आणि हे सारे चालू असताना नजर मात्र सुईच्या अलीकडे दोन बोटांवर. वस्त्रनिर्मितीच्या कामाचा अभ्यास करणारे अभियंते सांगतात की, सर्वसाधारण शिलाईकामात सुई प्रत्यक्ष चालते ती एकूण वेळाच्या साधारण पाव भाग. बाकीचा तीन-चतुर्थांश वेळ उचलणे, जुळवणे, वळवणे आणि ठेवणे यांत जातो. थोडक्यात, टाके मशीन घालते; कारागिराची कला आहे ती दोन टाक्यांच्या मधल्या वेळात. अधिक वेगाचे मशीन आणले म्हणून उत्पादन त्याच पटीत वाढत नाही, ते यामुळेच. 'मशीन तर भराभर चालते, मग माल कमी का?' असे विचारणारा सुपरवायझर हे गणित विसरलेला असतो, किंवा तसे दाखवत असतो.

या हातांच्या वेळेचे मोजमाप करण्याची एक रूढ पद्धत आहे. अभियंता घड्याळ घेऊन कारागिराशेजारी उभा राहतो आणि एका कामाला लागणारा वेळ अनेकदा मोजून सरासरी काढतो. कारागीर नेहमीच्या गतीने काम करतो आहे की कमी-अधिक, याचा अंदाज घेऊन तो वेळ दुरुस्त केला जातो. त्यात थकवा, पाणी पिणे, बॉबिन बदलणे, धागा तुटणे यांसाठी काही टक्के भर घातली जाते. येणाऱ्या आकड्याला 'सॅम', म्हणजे त्या कामाची प्रमाणित मिनिटे म्हणतात. उदाहरणादाखल, मोजलेला वेळ ३६ सेकंद आणि त्यावर १५ टक्के भर धरली, तर ४१.४ सेकंद, म्हणजे ०.६९ मिनिट झाले. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. त्यांना ०.६९ ने भागले की दिवसाचे पूर्ण उद्दिष्ट येते सुमारे ६९५ नगांचे.

पूर्ण उद्दिष्ट गाठणारे टेलर असतात. पण सारी लाइन तेथवर रोज पोहोचत नाही. मागच्या मशीनवरून बंडल वेळेवर येत नाही, सुई मोडते, वीज जाते, मेकॅनिक दुसरीकडे अडकलेला असतो. सर्वांत मोठा खोळंबा नवी 'स्टाइल' लागते तेव्हा होतो. कालपर्यंत सुती कापडावर बसलेला हात आज निसरड्या कापडावर चाचपडतो आणि पहिले काही दिवस निम्मेच काम होते. यांतील बहुतेक कारणे कारागिराच्या हातातील नाहीत. मजुरीचा खरा प्रश्न उभा राहतो तो येथे.

दिवसाचा रोज ६०० रुपये आहे असे समजू. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. म्हणजे मिनिटाला सव्वा रुपया पडला. ०.६९ मिनिटांच्या कामाचा नगावर दर झाला सुमारे ८६ पैसे. पूर्ण ६९५ नग केले तर ६०० रुपये हातात येतात. मात्र लाइनची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर दिवसाला ४१७ नग होतात आणि कारागिराला मिळतात सुमारे ३५९ रुपये. बंडलासाठी थांबण्यात गेलेला वेळ कारखान्याचा, पण त्याची किंमत मोजली कारागिराने! पीस रेटने काम करणाऱ्याची ही जुनीच व्यथा असून, ठेकेदार मध्ये असेल तर ती अधिक तीव्र होते.

कायद्याने यावर उपाय फार पूर्वीच सांगितलेला आहे. ज्या कामासाठी वेळेवर आधारित किमान वेतन ठरलेले आहे, त्या कामात कामगाराला पीस रेटवर ठेवले, तरी त्याला त्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही, अशी तरतूद १९४८ च्या किमान वेतन अधिनियमातच होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि तो अधिनियम वेतन संहितेत विलीन झाला. पण हे तत्त्व कायम राहिले. म्हणजे वरील उदाहरणातील ६०० रुपये हेच किमान वेतन असेल, तर ३५९ रुपयांचा हिशेब कागदावर कितीही बरोबर दिसला तरी कायद्याला मान्य नाही. पीस रेट ही किमान वेतनाच्या वरची कमाई आहे, त्याला पर्याय नव्हे. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला देण्याचा नियमही जुन्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेला आहे. पीस रेटवाल्यांच्या बाबतीत 'जेवढे नग तेवढे पैसे' असे सांगून तोच नियम सर्वांत सहज डावलला जातो. कारखान्याचे मालकही अगदी मोकळे आहेत असे नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी अखेर ज्याच्या आस्थापनेत काम झाले त्याच्यावर येते.

कामगार राज्य विम्याचेही असेच. १ जुलै २०१९ पासून या योजनेत कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. आजारपणाचा किंवा कामावर झालेल्या इजेचा भत्ता नोंदीतील वेतनावर ठरतो. हातात रोख दहा हजार आणि नोंदीत सहा हजार असतील, तर बोट जायबंदी झाल्यावर भत्ता सहा हजारांच्या हिशेबानेच मिळणार. नाव नोंदीतच नसेल, तर पुढचे सारे कारागिरालाच झगडून सिद्ध करावे लागते.

इजा म्हटली की सुई आलीच. धावती सुई नखातून आरपार जाते आणि कित्येकदा आतच मोडते. बोटे सुईखाली जाऊ नयेत म्हणून फूटजवळ एक छोटी तारेची आड असते. काम जवळून दिसत नाही म्हणून अनेक जण ती काढून टाकतात. तसे करणे धोक्याचे आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण नगावर मजुरी असली की सेकंद महाग होतो आणि बोट स्वस्त. निर्यातीचा माल करणाऱ्या कारखान्यांत सुईबाबत कडक शिस्त असते. सुई मोडली की तिचे सर्व तुकडे शोधून, कागदावर चिकटवून, नोंद करूनच नवी सुई दिली जाते. एखादा तुकडा सापडला नाही, तर आजूबाजूचा सारा माल बाजूला काढून धातुशोधक यंत्रातून तपासतात. लहान मुलाच्या कपड्यात सुईचे टोक राहू नये म्हणून एवढी दक्षता. तीच दक्षता शिवणाऱ्याच्या बोटासाठीही असावी, ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही. पाठ, मान आणि खांदे यांची दुखणी तर नोंदवहीत येतच नाहीत. पाठीला टेकू नसलेल्या स्टुलावर दिवसभर पुढे वाकून बसणे हे त्यांचे साधे कारण आणि उंची जमवता येणारी टेकूची खुर्ची हा त्यावरचा तेवढाच साधा उपाय.

हे काम शिकण्याच्या वाटा पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या 'समर्थ' योजनेला डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली, तीतही शिलाई मशीन चालवण्याचे प्रशिक्षण दिले जाते. तरीही बहुतेक जण आजवर शिकले ते हेल्पर म्हणून लागून. धागे कापायचे, बंडले उचलायची आणि जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या मशीनवर चिंधी घेऊन सरळ टीप मारून पाहायची. सरळ टीप जमली की वळण, वळण जमले की खिसा. कॉलर आणि बाही सर्वांत शेवटी. या मार्गाने आलेल्या कारागिराकडे प्रमाणपत्र नसते. त्यामुळे हात कुशल असला तरी कागदावर तो 'अकुशल' राहण्याची आणि कमी दरात अडकण्याची शक्यता असते. कुशल, अर्धकुशल आणि अकुशल यांचे किमान दर वेगवेगळे असल्याने हजेरीपटावर आपल्या नावापुढे कोणता शब्द आहे, हे पाहून ठेवणे अगत्याचे ठरते.

पीस रेटच्या कारखान्यात प्रत्येक बंडलाबरोबर एक छोटे कूपन असते. काम झाले की टेलर ते फाडून आपल्या कागदावर चिकटवतो आणि आठवड्याच्या किंवा महिन्याच्या अखेरीस त्यावरून मजुरी ठरते. कूपनांवरून किती नग झाले हे कळते. किती वेळ बंडल आले नाही, मशीन किती वेळ बंद होते, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अनुभवी टेलर कूपनांच्या कागदामागे पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहून ठेवतात: तारीख, थांबलेली मिनिटे आणि थांबण्याचे कारण.