सामनचा एक पर आणि गळाचा खेळ

मुंबईतील अनेक हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावस हा मासा 'इंडियन सामन' या नावाने झळकतो. प्रत्यक्षात रावसाचा सामनशी काहीही संबंध नाही. खरा सामन थंड पाण्यातला. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच नदीकडे परततो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड नावाची लांबलचक खाडी आहे. सिएटल शहर तिच्याच काठावर वसले असून, मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनमुळे मराठी घरांनाही ते आता अपरिचित राहिलेले नाही. येथे उन्हाळा सुरू झाला की हौशी मच्छीमारांच्या बोटी पहाटेच्या अंधारातच पाण्यात उतरतात.

नदी सोडून खाऱ्या पाण्यातच गळ का टाकायचा, यालाही कारण आहे. नदीत शिरल्यावर सामन खाणे जवळजवळ बंद करतो. त्याची चकाकी जाते आणि मांसाची चवही उतरते. समुद्रात मात्र तो चंदेरी, खादाड आणि ताकदवान असतो. पाच जातींपैकी सर्वात मोठा शिनूक, ज्याला स्थानिक लोक 'किंग' म्हणतात. तो खोल पाण्यात फिरतो. त्यासाठी दोरीला जड गोळा बांधून गळ खाली नेला जातो आणि बोट अगदी मंद गतीने चालवत चमकती पट्टी व हेरिंग मासा मागून ओढला जातो. शिनूकचा मोसम साधारण जुलैत, कोहोचा त्यानंतर. पिंक जातीचे थवे येतात ते विषम वर्षीच; त्या वर्षी बोट नसलेली मंडळीही धक्क्यांवर आणि किनाऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभी असतात.

मासा बोटीजवळ आला की खरी कसोटी लागते. शेपटीच्या अलीकडे पाठीवर सामनला एक छोटासा मांसल पर असतो. तो कापलेला असेल तर मासा घरी नेता येतो. तो शाबूत असेल, तर शिनूक कितीही मोठा असला तरी सहसा बोटीवर न घेता पाण्यातच सोडून द्यावा लागतो. गळाला उलटा काटा ठेवण्यास मनाई आहे, ती याचसाठी. ठेवलेल्या माशाची नोंद तिथल्या तिथे करावी लागते.

परवान्याच्या या अटींमागे १९९९ साली झालेला निर्णय आहे. त्या वर्षी प्युजेट साउंडमधील शिनूकचा समावेश केंद्रीय कायद्यानुसार संकटग्रस्त जातींत झाला. धरणे, जंगलतोड आणि शहरांची वाढ यांनी नैसर्गिक पैदास घटवली होती. ती भरून काढण्यासाठी उबवणी केंद्रांतून राज्यभरात दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडली जातात. त्यांतील बहुतेक शिनूक आणि कोहो पिल्लांचा तो पर आधीच कापलेला असतो. थोडक्यात, आजचा हौशी मच्छीमार मुख्यतः माणसाने वाढवलेले मासे पकडतो, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. या पिल्लांमुळे मूळ वंशच दुबळा होतो, असा आक्षेप काही शास्त्रज्ञ घेतात.

उरलेल्या माशांवर वाटेकरी अनेक आहेत. १८५४ आणि १८५५ च्या करारांत येथील आदिवासी जमातींनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क मात्र राखून ठेवला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर या जमातींचा अधिकार असल्याचा निकाल दिला. त्यावर तेव्हा मोठा गदारोळ उठला. पण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व मूलतः कायम ठेवले. त्याशिवाय या भागातील ऑर्का देवमासे मुख्यतः शिनूकवरच जगतात. त्यांची संख्या पाऊणशेच्या आसपास उरली असून, २००५ पासून ते लुप्तप्राय मानले जातात.

दर वसंतात राज्य सरकार आणि जमाती वाटाघाटींना बसतात. कोणत्या क्षेत्रात किती मासे, किती दिवस, याचा हिशेब तेथे ठरतो. सोडून दिलेल्यांपैकी काही मासे मरतात, हेही त्यात धरलेले असते. मर्यादा गाठली की मोसम अर्ध्यावर बंद होतो आणि सुट्टी काढून आलेल्यांचा हिरमोड होतो.

गळ टाकणाऱ्यांवर एवढी बंधने असताना, रस्त्यांवरचे संकट बराच काळ कोणाला उमगले नव्हते. पाऊस पडून गेला की शहरी ओढ्यांत परतलेले कोहो अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. २०२० मध्ये संशोधकांनी कारण शोधले. टायर टिकावेत म्हणून रबरात घातले जाणारे एक रसायन ओझोनशी संयोग होऊन विषारी बनते आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. मरणाऱ्या कोहोत पर कापलेले आणि न कापलेले, दोन्ही असतात.