पोलाद काचेसारखे केव्हा तुटते?

कापडाचा दुकानदार काठाला कात्रीने लहानसा छेद देतो आणि कापड टर्रकन फाडतो. छेद नसेल तर तेच कापड बराच जोर लावूनही फाटत नाही. छेदामुळे सगळी ओढ त्याच्या टोकाशी एकवटते आणि एकेक धागा तुटत जातो.

धातूतील भेगेचेही असेच असते. मात्र मऊ पोलादात भेगेच्या टोकाजवळचा भाग थोडा ताणला जातो, टोक बोथट होते आणि भेग थांबते. काचेत असे घडत नाही.

१६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे होते. पाणी शांत होते, हवा मात्र थंड. अचानक प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगले. त्या काळात वेल्डिंगने जोडलेल्या इतर जहाजांनाही असे तडे गेले. रिव्हेटच्या जहाजात तडा बहुधा पत्र्याच्या कडेला थांबे. वेल्डिंगच्या अखंड सांगाड्यात त्याला अडवणारे काही नव्हते. पण मूळ दोष कोणता? केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले की, ते पोलाद ठरावीक तापमानाखाली ठिसूळ होत होते.

सळई सावकाश ओढून तोडली तर हा दोष कळत नाही. थंडीत पोलाद उलट थोडे अधिक बळकट भासते. त्यासाठी शार्पी चाचणी उपयोगी पडते. ५५ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर चौरस छेदाच्या तुकड्याला २ मिलिमीटर खोल खाच पाडतात आणि लोलकासारख्या हातोड्याने तो तोडतात.

समजा, २० किलोग्रॅमचा हातोडा १.५ मीटर उंचीवरून सोडला. तुकडा तोडून तो पलीकडे १ मीटर चढला, तर तुकड्याने २० × ९.८ × ०.५ = ९८ जूल ऊर्जा शोषली. तोच तुकडा थंड केल्यावर हातोडा १.४ मीटर चढला, तर शोषलेली ऊर्जा सुमारे २० जूलच! हा चिवटपणातील फरक होय.

पुढे पोलादात कार्बन कमी व मँगनीज जास्त ठेवून ठिसूळ होण्याचे तापमान खाली आणले गेले. डेकवरील झडपांचे चौकोनी कोपरेही गोल केले गेले.

वर्गात कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीला काठाशी छोटा छेद द्या, दुसरीला तेवढ्याच रुंदीचे गोल भोक पाडा. दोन्ही ओढा. आधी कोणती फाटते, आणि का?