चेहऱ्यावर खोल जखम झाली तर टाके लगेच घालावेत का?

महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून मेढ्याकडे येताना दुचाकी घसरली, गाल फाटला, तोंडभर रक्त आले. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण चेहऱ्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सातारा किंवा कराड गाठावे लागते. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो, ‘आधी टाके घाला!’ डॉक्टर मात्र टाक्यांना थोडे थांबवतात. का?

सर्वात आधी काय पाहतात?

श्वास. जबडा मोडला असेल तर रक्त, तुटलेला दात किंवा मागे गेलेली जीभ श्वासाची वाट अडवू शकते. जखमी शुद्धीवर असेल आणि मानेला मार नसेल, तर त्याला पुढे झुकवून बसवावे. उताणे झोपवून पाणी पाजू नये. रक्तस्राव थांबवायला स्वच्छ कापड 10 मिनिटे घट्ट दाबून धरावे, सारखे उचलून पाहू नये. रुतलेली काच ओढून काढू नये आणि डोळ्याला इजा असेल तर त्यावर दाब देऊ नये. बेशुद्धी, उलट्या, गुंगी असेल तर मेंदूची तपासणी टाक्यांच्या आधी होते.

उशीर झाला तर?

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून तिथे रक्त खूप येते, पण जंतुसंसर्ग कमी होतो आणि जखम लवकर भरते. हातापायाची जखम साधारण 6 ते 8 तासांत शिवणे पसंत केले जाते. चेहऱ्याची स्वच्छ जखम 24 तासांपर्यंतही शिवता येते. म्हणजे मेढ्यात रक्तस्राव थांबवून, धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन साताऱ्याला जायला वेळ असतो.

याच रक्तपुरवठ्याचा उपयोग पुण्याजवळच्या एका देशी कारागिराने 18 व्या शतकाच्या अखेरीस केला होता. इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान कावसजी याचे नाक टिपूच्या सैन्याने कापले होते. कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिगत छापली. ती पद्धत सुधारून आजही वापरली जाते.

टाक्यांआधी हसायला का सांगतात?

गालातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस आणि लाळेची नळी जाते. भूल दिली की नस आपोआपच बधिर होते, मग ती तुटली आहे की नाही हे कळत नाही. म्हणून आधी हसायला, डोळे मिटायला, कपाळाला आठ्या पाडायला सांगतात. नस तुटली असेल आणि वरून फक्त कातडी शिवली, तर जखम भरते पण तोंड वाकडेच राहते. अशी नस पहिल्या 72 तासांत जोडणे सोयीचे असते.

ओठ फाटला असेल तर पहिला टाका ओठाची कड जुळवण्यासाठी घालतात. तिथे 1 मिलिमीटरचा फरकही दिसतो. भुवई मात्र काढत नाहीत, कारण जखम जुळवायची खूण तीच असते. नाक किंवा कानाचा तुकडा तुटला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तुकडा थेट बर्फात ठेवू नये.

कुत्रा चावला असेल तर?

इथे टाक्यांची घाई धोक्याची ठरते. चेहरा मेंदूच्या जवळ असल्याने रेबीजची लक्षणे लवकर दिसू शकतात, आणि ती दिसल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी. चुना, हळद, मिरची लावू नये. लसीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. टाके आवश्यकच असतील तर ते त्यानंतर आणि सैलसर घालतात. लसीचे सर्व डोस पूर्ण करावे लागतात.

टाके कधी काढतात?

चेहऱ्याचे साधारण 5 दिवसांत. जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच व्रण उठतात. व्रण फिका व्हायला वर्षभर लागू शकते; तोवर उन्हापासून जपावे.

अपघात झाल्यास 108 वर फोन करावा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने मागे राहण्याचे कारण नाही.