बॅटरीला हात लावण्याआधी दोन मिनिटं हे वाचा



ट्रॅक्टर, फवारणीचा चार्जिंग पंप, वावरातली झटका मशीन, घरचा इन्व्हर्टर. आपल्या जाम परिसरात यांतलं एकतरी जवळपास प्रत्येक घरी आहे, अन् बहुतेकांत शिसं-ॲसिडचीच बॅटरी असते. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो फक्त ४ टक्के झाला तरी एका ठिणगीनं भडका उडतो, बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं.

म्हणून एवढं पाळाच:

१) चार्जिंग मोकळ्या हवेत करा. गोठ्यात, बंद खोलीत, चुलीजवळ नको. बिडी-काडी लांब ठेवा.

२) आधी चिमटे लावा, मग चार्जरचं बटण चालू करा. काढताना आधी बटण बंद, मग चिमटे.

३) ट्रॅक्टरची बॅटरी काढताना आधी काळी (मायनस) वायर सोडा. लावताना ती शेवटी लावा. लाल वायर खोलताना पाना बॉडीला टेकला, तरी मग ठिणगी उडत नाही. हातातलं कडं, अंगठी आधी काढून ठेवा.

४) बुचाच्या बॅटरीत पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतू नका. पंपाची सीलबंद बॅटरी तर खोलूच नका.

५) २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले. तेव्हापासून चष्मा-हातमोज्यांचं महत्त्व आपल्याला कळलं. बॅटरीपाशीही चष्मा अन् रबरी हातमोजे घाला, पण फवारणीचे असतील तर आधी धुऊन घ्या.

*डोळ्यात ॲसिड गेलं तर?* चोळू नका. पापणी उघडी धरून स्वच्छ वाहत्या पाण्यानं निदान २० मिनिटं धुवा, मगच दवाखाना. गाडीसाठी १०८ लावा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग आहे, पण जामहून तिथं पोहोचेस्तोवर डोळा थांबत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधीच पाण्याची बादली जवळ भरून ठेवा.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिशाची धूळ लेकरांच्या अंगात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. नवी घेताना जुनी दुकानदारालाच परत द्या, किमतीत सूटही मागा.

पंप चार्जिंगला लावणारं घरातलं जे कोणी असेल, त्यालाही हे वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, जाम