मशीन कपाटात, बीपी अंगात

तुमच्याही घरी असेल ते. कपाटाच्या वरच्या कप्प्यात डब्यासकट ठेवलेलं डिजिटल बीपी मशीन. कुणाला चक्कर आली की बाहेर निघतं आणि ‘जास्तच दाखवते, बिघडलं वाटते’ म्हणून परत आत जातं. बहुतेक वेळा बिघडलेली असते ती मोजायची पद्धत.

खरं तर आपला भंडारा जिल्हा यात जुना खेळाडू. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या सरकारी उपक्रमासाठी महाराष्ट्रातून सुरुवातीला चारच जिल्हे घेतले होते: भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. सरकारी दवाखान्यात डिजिटल मशीनवर मोजणी, ठरलेली औषधं आणि महिनाभराच्या गोळ्या एकदम. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पण दवाखाना महिन्यातून एक दिवस. बाकीचे दिवस पेशंट घरीच असतो, आणि तिथं मशीनचं बटण दाबणारे तुम्हीच.

तर आईबाबांना, आजीला आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. तो आखूड असला तर आकडा उगाच वाढतो. अर्धा तास आधी चहा नको, खर्रा तर नकोच. (खर्रा एरवीही नकोच, पण तो वेगळा लेख.) लघवी तुंबवून बसू नये. आणि मोजताना गप्पा बंद, हे सगळ्यात अवघड!

एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सलग सात दिवस. सगळे आकडे वहीत लिहा, चांगले वाटणारे तेवढेच नाही. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यातली रेषा १४०/९० ची असते. तिथं घाबरूनही बीपी चढतं. आकडा १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं असं काही असेल, तर वही-बिही राहू द्या, १०८ ला फोन लावा.

खरा घोळ होतो तो आकडा चांगला आल्यावर. ‘आता नॉर्मल आहे, कशाला गोळी?’ अहो, गोळीमुळेच नॉर्मल आहे ना! रोवणीच्या दिवसांत तर गोळ्या संपल्या तरी दवाखान्यात जायला सवड नसते. पाकिटात शेवटच्या पाच गोळ्या उरल्या की तुमच्या मोबाइलवर रिमाइंडर लावा, आणि गाडी काढून तुम्हीच आणून द्या. लोणचं-पापडावर मात्र रिमाइंडर चालत नाही. दिवसाचं मीठ माणशी पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरही नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजीला हे सांगून बघा!

एकदा स्वतःच्या दंडालाही पट्टा बांधा. सरकारी तपासणीचं वय तिशीपासून सुरू होतं. घरच्या मशीनला वय विचारता येत नाही.