माशांची दृष्टी आणि तलावांचे आरोग्य

जयपूरचा जलमहाल ज्या मानसागर तलावात उभा आहे, त्यात अनेक दशके शहराचे सांडपाणी नाल्यांवाटे येत राहिले. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसमुळे शैवाल वाढते, पाणी हिरवट-गढूळ होते आणि पाण्यातील प्रकाशाचे स्वरूपच पालटते. अशा बदलाशी माशांचे डोळे कसे जुळवून घेतात?

पहिली सोय दिवस-रात्रीची. बहुतेक अस्थिमत्स्यांची बाहुली आपल्यासारखी लहान-मोठी होत नाही. त्याऐवजी दृष्टिपटलातील पेशीच जागा बदलतात. उजेडात मंद प्रकाशासाठी असलेल्या दंडपेशी गडद रंगद्रव्याआड जातात व रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी पुढे येतात. अंधारात याच्या उलट घडते.

दुसरी सोय दीर्घकालीन आहे. स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश प्रथम शोषून घेते, म्हणून खोलवर निळा प्रकाश उरतो. शैवाल व सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या पाण्यात मात्र निळा प्रकाश लवकर संपतो व पिवळा-तांबडा तुलनेने अधिक उरतो. गोड्या पाण्यातील अनेक मासे अशा वेळी दृष्टिरंगद्रव्यात जीवनसत्त्व अ-1 ऐवजी अ-2 वापरतात. त्यामुळे तांबड्या प्रकाशाची संवेदनशीलता वाढते. हा बदल घडविणारे विकर 2015 मध्ये ओळखले गेले.

परंतु या क्षमतेला मर्यादा आहे. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात सिक्लिड माशांच्या माद्या रंगावरून जोडीदार निवडतात. पाणी गढूळ झाल्याने ही निवड कठीण होऊन जातींची विविधता घटते, असे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. शिवाय दाट शैवाल रात्री श्वसनासाठी व कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. डोळा मंद प्रकाशाशी जुळवून घेऊ शकतो. प्राणवायूच्या अभावाशी कटला किंवा रोहू फार काळ जुळवून घेऊ शकत नाहीत.

म्हणूनच पाण्याची पारदर्शकता हा तलावाच्या आरोग्याचा स्वस्त व उपयुक्त निर्देशक ठरतो. पांढऱ्या-काळ्या रंगाची सेची तबकडी पाण्यात सोडून ती कोणत्या खोलीवर दिसेनाशी होते, एवढेच मोजावे लागते. मत्स्यशेतीत थोडे हिरवे पाणी हितकारक असते, कारण प्लवक हे माशांचे खाद्य आहे. अतिरेक मात्र घातक ठरतो. मानसागरचा पुनरुद्धार राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत हाती घेण्यात आला. 2013 मध्ये ही योजना जलीय परिसंस्थांच्या राष्ट्रीय योजनेत विलीन झाली. गाळ काढणे व सुशोभीकरण यांचे फळ टिकवायचे असेल, तर सांडपाणी उगमापाशीच रोखले पाहिजे. प्रदूषणाचा जो खर्च शहर चुकवते, तो अखेर तलावावर व त्यातील जीवांवर पडतो.